आमच्या वाट्याला किती विती पडदा? मोठ्या पडद्यांच्या चालकांना खुले पत्र

प्रति,
मोठ्या पडद्याची, घुमटाकार आणि ‘इमर्सिव्ह’ (प्रेक्षकाला चित्राने वेढणारी) म्हणवली जाणारी मनोरंजन-दालने बांधणाऱ्या व चालवणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापन

विषय: जादा तिकीटदराच्या बदल्यात नेमके काय मिळते, ते तिकीट विकण्यापूर्वी जाहीर करण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

साध्या तिकिटावर जादा आकार चढवायचा, त्याशेजारी ‘इमर्सिव्ह’, ‘लार्ज फॉरमॅट’, ‘प्रीमियम’ यांपैकी एखादा शब्द छापायचा, आणि पडदा किती रुंद, त्यावर उजेड किती, चित्र किती ठिपक्यांचे, याबद्दल अवाक्षर काढायचे नाही, ही पद्धत आपण सगळ्यांनी मिळून रूढ केली आहे. आसनाचे कापड कोणते, हात टेकायची जागा किती, खुर्ची किती मागे कलते, हे सगळे जाहिरातीत असते. ज्याच्यासाठी माणूस घर सोडून येतो, त्या पडद्याची माहिती तेवढी नसते.

आम्ही प्रोजेक्टर जुळवणारे, स्पीकर मोजणारे, पडदे ताणणारे लोक आहोत. जादा पैसे मोजून बाहेर पडलेला प्रेक्षक ‘यापेक्षा घरचा टीव्ही बरा’ म्हणतो, तेव्हा तो आमच्याच कामाबद्दल बोलत असतो. बहुतेक वेळा यंत्रात दोष नसतो. यंत्र कोणत्या हॉलमध्ये बसवले, ते कसे राखले आणि त्यापुढची कोणती खुर्ची कोणत्या दराने विकली, यात तो असतो, आणि हे तिन्ही निर्णय आपले आहेत. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत. प्रेक्षकांनीही ते वाचावे आणि यातले आकडे तिकीटबारीवर विचारावेत.

या दालनांवर खर्च करावा का, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही उलट चार प्रश्न विचारतो: त्या रांगेतून पडदा केवढा दिसतो, कोणता प्रोजेक्टर, उजेड शेवटचा कधी मोजला, आणि चित्र मुळात कोणत्या पडद्यासाठी बनवले. चारही उत्तरे नीट असतील तर जरूर करावा. मोठ्या पडद्यावर नीट दाखवलेले चित्र घरी मिळत नाही, आणि ते आम्हाला पटवून द्यायची गरज नाही. अडचण ही, की या चारपैकी एकाचेही उत्तर तिकीट घेण्याआधी कोणाला मिळत नाही.

तक्रार पहिली: खुर्ची

ही सगळ्यात मोठी तक्रार आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पडद्याचा मोठेपणा मीटरमध्ये मोजून भागत नाही. तो डोळ्यासमोर किती अंश व्यापतो, हे पाहावे लागते. २० मीटर रुंदीचा पडदा घ्या. त्यापासून १८ मीटरवर, बरोबर मधोमध बसलेल्याला तो ५८ अंश व्यापतो. ८ मीटरवरच्या पहिल्या रांगेत तो १०० अंशांच्या पलीकडे जातो. ३५ मीटरवरच्या शेवटच्या रांगेत मात्र ३२ अंशच उरतात. घरातला ५५ इंची टीव्ही सुमारे १.२२ मीटर रुंद असतो. दोन मीटरहून किंचित जास्त अंतरावरून पाहिला की तोही ३२ अंश व्यापतो. म्हणजे शेवटच्या रांगेतला माणूस जादा आकार भरून घरच्या टीव्हीएवढेच चित्र पाहून परत जातो, आणि मधल्या रांगेतल्याने जेवढे भरले तेवढेच त्यानेही भरलेले असते.

हे मोजायला यंत्र लागत नाही. हात डोळ्यासमोर सरळ लांब करा आणि बोटे ताणून पसरा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची वीत साधारण २० अंश भरते. ज्याचा हात लांब त्याची वीतही मोठी, त्यामुळे माणसागणिक फार फरक पडत नाही. पडदा दोन वितींच्या आत मावत असेल तर ती साध्या दराची खुर्ची समजावी. अडीच ते साडेतीन विती भरत असेल तर जादा पैसे वाजवी आहेत. अंतरात सांगायचे तर पडद्याच्या रुंदीच्या ०.७ ते १.१ पट. चार वितींच्या पुढे मान दुखायला लागते, कारण तिथे उंचीचा प्रश्न येतो. पडद्याच्या वरच्या कडेकडे पाहताना नजर ३५ अंशांहून जास्त वर उचलावी लागू नये, असा चित्रपटगृह बांधणाऱ्यांचा जुना संकेत आहे. २० मीटर रुंद आणि १४ मीटर उंच पडदा ८ मीटरवरून पाहिला, तर नजर ६० अंशांपर्यंत उचलावी लागते. पहिली रांग खरे तर सवलतीत विकली पाहिजे.

शेवटची रांग इतकी मागे असतेच कशी, हेही सांगायला हवे. मोठ्या पडद्यासाठी मुळापासून बांधलेल्या दालनात रांगांचा चढ खडा असतो आणि सगळी बैठक पडद्याकडे ओढलेली असते. याउलट जुन्या लांबट हॉलमध्ये पुढच्या दोन-तीन रांगा काढायच्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत पडदा ताणायचा, आणि दारावरची पाटी बदलायची, हा स्वस्तातला मार्ग आहे. त्यात पुढच्या निम्म्या हॉलला खरोखर फायदा होतो. मागचा निम्मा हॉल जिथे होता तिथेच राहतो, फक्त त्याचे तिकीट वाढते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

घुमटात आणखी एक गोम असते. वरच्या सज्जाखाली येणाऱ्या रांगांना घुमटाचा माथाच दिसत नाही. ज्या पडद्याची सारी ऐट डोक्यावरून जाणाऱ्या चित्रात आहे, तिथे माथा झाकणारी खुर्ची ‘दृष्टीस अडथळा’ असे न छापता विकणे सरळ व्यवहारात बसत नाही. कडेच्या खुर्च्यांचेही तेच. वक्र पडद्यावरचे चित्र साधारण मध्यातल्या जागेवरून सरळ दिसेल असे जुळवलेले असते. टोकाच्या खुर्चीवरून खांब वाकतात आणि क्षितिज चढते.

तक्रार दुसरी: ‘के’ची अक्षरे

२के चित्रात आडवे २०४८ ठिपके असतात. ते २० मीटरवर पसरले की एक ठिपका जवळजवळ १० मिलिमीटरचा होतो. निकोप डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो, असे धरतात. त्या हिशेबाने हे ठिपके ३३ मीटरच्या आत बसलेल्या सगळ्यांना तत्त्वतः दिसू शकतात. ४के चित्रात ठिपका निम्मा होतो आणि ती हद्द १७ मीटरवर येते. म्हणजे जिथे पडदा सगळ्यात छान भरतो, त्या रांगांसाठी ४के हा चैनीचा भाग उरत नाही, तो किमान गरजेचा आहे. तरीही २० मीटरच्या पडद्यावर २के प्रोजेक्टर लावून जादा आकार घेतला जातो. आयमॅक्सनेही २००८ मध्ये डिजिटलकडे वळताना दोन २के प्रोजेक्टर एकावर एक जुळवून सुरुवात केली होती. लेसरचे ४के प्रोजेक्टर नंतर आले. पाटी मात्र दोन्हीकडे एकच होती, आणि कोणत्या दालनात काय आहे हे शोधून काढण्याचा उद्योग प्रेक्षकांनाच करावा लागला.

घुमटात तर ‘४के’ शब्दाची फोड न करता तो वापरूच नये. सपाट पडद्यावर ५० अंशांत ४०९६ ठिपके आले तर अंशामागे ८० हून अधिक पडतात. घुमटात तेच ४०९६ ठिपके १८० अंशांवर ताणले जातात आणि अंशामागे जेमतेम २३ उरतात. तारांगणात तारे टिपूर दिसण्याऐवजी कापसाच्या बोळ्यासारखे दिसतात, ते यामुळे. घुमटात ८के असले तरी अंशामागे ४५ च. अंशामागे किती ठिपके, हा एकच आकडा छापला तर सगळ्या ‘के’ची झाकली मूठ उघडते.

तक्रार तिसरी: उजेड

यातले गणित कठोर आहे आणि इथेच सर्वात जास्त काटकसर होते. चित्रपट ज्या उजेडात पाहून पक्का केला जातो, तो पडद्याच्या मध्यावर ४८ निट असतो. एक निट म्हणजे चौरस मीटरमागे एक कॅन्डेला. जुन्या मापात हा उजेड १४ फूट-लॅम्बर्ट. २० मीटर रुंद आणि साडेदहा मीटर उंच, म्हणजे २१० चौरस मीटरच्या साध्या मॅट पडद्यावर तेवढा उजेड हवा असेल तर सुमारे ३२,००० लुमेन (प्रोजेक्टर देतो त्या एकूण प्रकाशाचे माप) पडद्यापर्यंत पोचले पाहिजेत. प्रोजेक्शन खोलीच्या काचेत आणि भिंगात जे जातात, ते वेगळे. पडद्याची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते आणि लुमेनही चौपट लागतात, सव्वा लाखाच्या पुढे. पडदा वाढवला आणि प्रोजेक्टर तोच ठेवला, तर चित्र मोठे आणि अंधारे होते. या दालनांतला हा सर्वात सामान्य दोष आहे.

यावर दोन पळवाटा काढतात. पहिली, जास्त ‘गेन’चा, म्हणजे मध्याकडे जास्त उजेड परतवणारा पडदा. १.८ गेनच्या पडद्याला त्याच ३२,००० ऐवजी १८,००० च्या आसपास लुमेन पुरतात. पण तो पडदा उजेड निर्माण करत नाही, कडेचा गोळा करून मध्याकडे पाठवतो. मधल्या खुर्च्यांना चित्राच्या मध्यभागी दिव्यासारखा झगझगीत डाग दिसतो, कडेच्या खुर्च्यांना पलीकडची बाजू काळवंडलेली दिसते. ध्रुवीकृत चष्म्याच्या थ्रीडीसाठी चंदेरी पडदा लागतो, त्यात हे अधिकच होते. आणि तो पडदा पुसताही येत नाही. त्यावर हाताचा ठसा किंवा शीतपेयाचा शिंतोडा पडला की तो पडदा बदलेपर्यंत तिथेच असतो. लाल-हिरव्या-निळ्या लेसरचा प्रोजेक्टर अशा पडद्यावर टाकला तर पांढऱ्या भागात वाळू सांडल्यासारखी चमचम दिसते. पडदा मागून हलकेच थरथरवणारी यंत्रे बसवली तर ती मरते, पण त्यांचा खर्च निविदेतून सगळ्यांत आधी कापला जातो.

दुसरी पळवाट म्हणजे दिवा उशिरा बदलणे. प्रोजेक्टरमधल्या झेनॉन दिव्याचे आयुष्य त्याच्या शक्तीनुसार साधारण ५०० ते २००० तास असते, आणि दिवा जितका मोठा तितके आयुष्य कमी. तो अचानक जात नाही, रोज थोडा थोडा मंदावतो. म्हणूनच त्याची तक्रार कोणी करत नाही. लेसरच्या बाबतीत २० ते ३० हजार तासांचा आकडा सांगतात. तो उजेड निम्म्यावर येण्याचा आकडा आहे, हे बोलताना गळते. रोज बारा तास चालवला तर वर्षाला ४,३८० तास होतात. म्हणजे पाच-सात वर्षांत निम्मा, आणि त्याआधी दर वर्षी थोडा कमी. विकत घेतानाच दीडपट लुमेनचा प्रोजेक्टर घेऊन सुरुवातीला तो दबवून चालवला, तर अनेक वर्षे पातळी राखता येते. नेमका गरजेपुरता घेतला तर पहिल्या दिवसानंतर तो कधीच पुरा पडत नाही.

थ्रीडीला तर लक्ष्यच १५ निटच्या आसपास धरतात, टूडीच्या जेमतेम एक-तृतीयांश. दिवा मंदावला असेल तर दहाच उरतात. त्यात थ्रीडीचा जोड टूडी खेळाच्या वेळी भिंगासमोर तसाच राहून गेला, तर साधा चित्रपटही संध्याकाळच्या धुक्यात घडल्यासारखा वाटतो. तो जोड काढायला मिनिटे लागतात. पण आता सगळे खेळ दूरवरून संगणकाने सुरू होतात आणि प्रोजेक्शन खोलीत माणूसच नसतो.

काळ्याबद्दल दोन ओळी. वक्र पडद्याच्या एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूवर सांडतो आणि काळा राखाडी होतो. त्यामुळेच घुमटाचा पडदा मुद्दाम करड्या रंगाचा ठेवतात. एकाच घुमटावर अनेक प्रोजेक्टर जोडले असतील तर त्यांच्या सांध्यांवर काळा दुप्पट उजळतो आणि अंधाऱ्या दृश्यात पट्टे दिसतात. एलईडी पडद्यावर सांध्यांचा त्रास नाही, पण तिथे जळालेला तुकडा बदलला की नवा तुकडा आजूबाजूच्या थकलेल्या तुकड्यांपेक्षा उजळ दिसतो आणि पडद्यावर बुद्धिबळाचा पट उमटतो. त्याच घाण्यातले सुटे तुकडे पहिल्याच दिवशी घेऊन ठेवले आणि बदलल्यावर कॅमेऱ्याने रंग जुळवून घेतला तर हे टळते. सुट्या तुकड्यांवर बचत करू नका.

तक्रार चौथी: पडद्याला न शोभणारे चित्र

आयमॅक्सचा मूळ फिल्मी पडदा १.४३ : १ (रुंदी : उंची) या प्रमाणाचा, जवळजवळ चौरस. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात तो पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा ७० मिलिमीटरची पट्टी आडवी सरकत होती आणि एका चौकटीला पट्टीच्या कडेच्या १५ छिद्रांची लांबी मिळत होती. तो पडदा त्या चौकटीसाठी होता. आज त्याच प्रमाणाच्या पडद्यावर २.३९ : १ चा रुंद चित्रपट लावला की चित्र पडद्याचा ६० टक्केच भाग व्यापते. उरलेला ४० टक्के काळा. १.९० : १ च्या पडद्यावर २१ टक्के काळा. प्रेक्षकाने पैसे पूर्ण पडद्याचे दिलेले असतात.

काही चित्रपटांत मोजकीच दृश्ये उंच चौकटीत चित्रित केलेली असतात आणि बाकीचा चित्रपट पट्टीत परत जातो. तिन्ही भिंतींवर चित्र दाखवणाऱ्या २७० अंशांच्या दालनातही बाजूच्या भिंती काही प्रसंगांनाच उजळतात. यात गैर काही नाही, पण चित्रपटाची किती मिनिटे पूर्ण पडद्यावर आहेत हे वितरकाला माहीत असते, म्हणजे आपल्यालाही. ते तिकिटावर का नाही?

याच सदरात हालचालीचा प्रश्न येतो. कॅमेरा आडवा फिरवताना एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेहून दुसरीकडे जायला सातेक सेकंद घ्यावेत, असा छायाचित्रणकारांचा ठोकताळा आहे. पडदा ३० अंशांचा असेल तर सेकंदाला २४ चौकटींच्या गतीत ती वस्तू दर चौकटीला ०.१८ अंश सरकते. पडदा ९० अंशांचा झाला की तीच उडी ०.५४ अंशांची होते आणि डोळ्याला धक्के जाणवतात. हॉलिवूडचे दृश्यपरिणाम-तज्ज्ञ डग्लस ट्रम्बुल यांनी शोस्कॅन पद्धतीत ७० मिलिमीटरवर सेकंदाला ६० चौकटी घेतल्या, त्याने अशी उडी लहान होते. साध्या पडद्यासाठी कापलेला चित्रपट प्रचंड पडद्यावर ताणल्याने तो भव्य होईलच असे नाही. पुष्कळदा तो फक्त थरथरतो.

तक्रार पाचवी: आवाज

प्रत्येक पडद्यामागच्या वाहिनीवर प्रमाणित गुलाबी गोंगाट (‘पिंक नॉइज’, चाचणीचा सरसर आवाज) वाजवून खुर्चीशी ८५ डेसिबल मोजायचे, हा जुळणीचा पाया. त्या पातळीला ध्वनियंत्राचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी कळ, ७ वर असतो. जाहिराती आणि झलका कर्कश असतात, कोणीतरी तक्रार करते, फेडर ५ वर येतो, आणि चित्रपट सुरू झाल्यावर तिथेच राहतो. ती साडेसहा डेसिबलहून अधिक घट आहे. संवाद पुसट होतात, आणि मग संवाद ऐकू येत नाहीत म्हणून पुन्हा तक्रार येते. उपाय साधा आहे: जाहिरातींची पातळी वेगळी बांधा, चित्रपटाच्या फेडरला हात लावू नका.

मोठ्या हॉलचा स्वतःचा एक दोष असतो. आवाजाला १० मीटर जायला २९ मिलिसेकंद लागतात. ३५ मीटरवर तो १०० मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो, म्हणजे जवळजवळ अडीच चौकटी. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. जुळणी हॉलच्या मध्यासाठी केली तर हा फरक दोन्ही टोकांना वाटला जातो, पण संपत नाही. मागच्या रांगेने जादा दर का भरू नये, याचे हे आणखी एक कारण. एलईडी पडद्याला छिद्रे नसतील तर स्पीकर वर-खाली ढकलावे लागतात आणि नायकाचा आवाज त्याच्या कपाळाच्या वरून येतो. पडद्यामागचे, भिंतींवरचे आणि छताचे मिळून ६४ पर्यंत स्पीकर स्वतंत्र चालवता येतात, ही डॉल्बी अ‍ॅटमॉसची २०१२ पासूनची सोय चांगली आहे. पण त्यातला एक बंद पडला तर कोणाच्या लक्षात येत नाही. महिन्यातून एकदा एकेक वाजवून ऐकावा लागतो. तेवढाही वेळ खेळांच्या वेळापत्रकात ठेवलेला नसतो.

हलणाऱ्या खुर्च्यांबद्दल थोडक्यात: प्रत्येक खुर्चीला ती थांबवण्याचे बटण हवे आणि ते चालू हवे. एका पायातला हिसका देणारा भाग निकामी झाला की खुर्ची वाकडी उचलते, आणि डोळा एक सांगतो, कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरे. मळमळ त्यातून येते. रुंद पडद्यावर क्षितिज झुकले की स्थिर खुर्चीतही काहींना गरगरते, त्यामुळे ही सूचना दारावर नको, तिकीट घेतानाच दिसली पाहिजे.

चित्रांच्या ‘इमर्सिव्ह’ प्रदर्शनांना हेच सारे लागू आहे, वर एक भर. तिथे आठ मीटरच्या भिंतीवर १९२० ठिपक्यांचा प्रोजेक्टर लावतात. ठिपका ४ मिलिमीटरचा होतो आणि प्रेक्षक तीन मीटरवर उभा असतो. कुंचल्याचा फटकारा दिसायला हवा तिथे जाळी दिसते. डच चित्रकार व्हॅन गॉख १८९० मध्ये वारले, त्यांच्या चित्रांवर कोणाचा कॉपीराइट उरलेला नाही, म्हणजे त्यापोटी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. उरलेल्या पैशांत बरे प्रोजेक्टर बसायला हवे होते. या लाटेतल्या एका मोठ्या कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, याचे आम्हाला आश्चर्य वाटले नाही.

आपले ठरलेले उत्तर

‘खर्च फार येतो’ असे आपण म्हणता. येतो. लास वेगासचे ‘स्फिअर’ हे घुमटाकार दालन २९ सप्टेंबर २०२३ रोजी उघडले, तोवर त्यावर सुमारे २.३ अब्ज डॉलर लागले होते. आतला एलईडी पडदा सुमारे १५,००० चौरस मीटरचा, आणि त्यासाठी चित्रण करायला वेगळा कॅमेराच घडवावा लागला. यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची. पडद्याचा खर्च एकदा होतो, पडद्याजोग्या चित्राचा दर वेळी. सिनेरामा या रुंद पडद्याच्या पद्धतीने हे १९५२ मध्येच भोगले. तीन प्रोजेक्टर, १४६ अंशांचा वक्र पडदा, तीन चित्रांचे दिसणारे सांधे, आणि प्रत्येक खेळाला जादा माणसे. लोक रांगा लावून आले. पण त्या पद्धतीत पहिले कथापट यायला दहा वर्षे गेली, आणि त्यानंतर लगेच तीन पट्ट्यांचा खटाटोप सोडून एका ७० मिलिमीटर पट्टीवर यावे लागले.

तेव्हा खर्च आम्ही नाकारत नाही. तो कोणाकडून, कोणत्या खुर्चीमागे आणि कोणत्या चित्रासाठी वसूल करता, तेवढे सांगा.

मागण्या

१. प्रत्येक दालनाच्या दारावर आणि तिकीट विकताना हे छापा: पडद्याची रुंदी व उंची, प्रोजेक्टर किंवा एलईडीचे ठिपके, घुमट असल्यास अंशामागे ठिपके, टूडी आणि थ्रीडीत पडद्याच्या मध्यावरचा उजेड निटमध्ये, आणि तो मोजल्याची तारीख. तारीख तीन महिन्यांहून जुनी नसावी.

२. आसनांच्या नकाशावर प्रत्येक रांगेपुढे पडदा किती अंश व्यापतो ते लिहा. ४० अंशांखालच्या रांगांना जादा आकार लावू नका. सज्जाखालच्या आणि टोकाच्या खुर्च्या तशा म्हणूनच विका.

३. चित्रपट पूर्ण पडद्यासाठी बनवला आहे की ताणलेला आहे, आणि पूर्ण चौकटीत किती मिनिटे आहेत, ते खेळाच्या वेळेशेजारी द्या. एक मिनिटही नसेल तर त्या खेळाचा जादा आकार रद्द करा.

४. मध्यावरचा उजेड टूडीत ३८ निटच्या खाली गेला, किंवा कडांचा उजेड मध्याच्या तीन-चतुर्थांशाखाली उतरला, तर दुरुस्ती होईपर्यंत साधा दर घ्या.

५. फेडरची पातळी ठरवून कुलूपबंद करा. जाहिराती वेगळ्या बांधा. स्पीकरची एकेक तपासणी महिन्यातून एकदा, सांधे आणि रंगांची जुळणी आठवड्यातून एकदा.

६. दालन चालू असताना इमारतीत एक प्रशिक्षित प्रोजेक्शन तंत्रज्ञ हजर हवा. चित्र बिघडले तर पहिल्या १५ मिनिटांत तक्रार करणाऱ्याला जादा आकार विनाप्रश्न परत द्या.

यातल्या पहिल्या दोन मागण्यांना नवे यंत्र लागत नाही. एक निटमापक आणि एक टेप पुरते, आणि दोन्ही आमच्याकडे आहेत. एका हॉलचे मोजमाप पहिल्या खेळाआधीच्या दोन-तीन तासांत होते. कोणत्या सकाळी यायचे ते कळवा आणि दिवा तापायला अर्धा तास आधी प्रोजेक्टर सुरू करून ठेवा.

आपले,
प्रोजेक्शन, ध्वनी-जुळणी आणि पडदा-देखभालीचे काम करणारे तंत्रज्ञ